मुलांची खोली, मुलांची पेटी



मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास सांगताना पुण्या-मुंबईपासून सुरुवात करण्याची रीत आहे. बहुतेक मासिके, प्रकाशक आणि लेखक तिथलेच, तेव्हा या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी महाराष्ट्राच्या आजच्या सीमेबाहेर घडल्या आहेत. मुलांसाठी मराठीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक तंजावरात निघाले. सार्वजनिक ग्रंथालयात मुलांची वेगळी खोली आणि खेड्यापर्यंत रेल्वेने जाणारी पुस्तकांची पेटी ही व्यवस्था बडोद्यात उभी राहिली. आपण रामाकोन्याचे, सौसरचे, पांढुर्ण्याचे लोकही त्याच सीमेबाहेर राहतो. सीमेबाहेर राहणे म्हणजे शेवटच्या पंगतीला बसणे, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात घर करून आहे. मुलांच्या पुस्तकांपुरते तरी ते खरे नाही, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण आमच्या पद्धतीत रुग्णाची हकीकत सविस्तर ऐकावी लागते. मूल आजारी असेल तर त्याची झोप, भूक, भीती, शाळा, आवडनिवड सगळे विचारावे लागते. त्यामुळे घराघरातल्या पुष्कळ गोष्टी डॉक्टरच्या कानावर येतात. गेल्या काही वर्षांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. आई म्हणते, "डॉक्टरसाहेब, पोरगं घरी मराठीच बोलते, पण वाचाचं म्हटलं का हिंदीच काढते." आणि त्याच मुलाच्या हाती पुडी दिली, की तिच्यावर मराठीत लिहिलेली सूचना तो आजीला न अडखळता वाचून दाखवतो. म्हणजे अक्षर त्याला येते, भाषाही येते. मग पुस्तक का नाही? बहुतेक घरांत याचे उत्तर साधे असते. त्याच्या वयाचे मराठी पुस्तक घरात नसते, आणि जाऊन घ्यावे असे ठिकाण त्याला ठाऊक नसते. दोष मुलाचा मानायचा की व्यवस्थेचा, हे ठरवण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी तंजावर. व्यंकोजीराजांपासून तिथे भोसल्यांचे राज्य होते आणि दुसरे सर्फोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर आले. हा राजा विलक्षण जिज्ञासू होता. वैद्यक, नेत्रचिकित्सा, संगीत, ग्रंथसंग्रह अशा अनेक विषयांत त्यांनी स्वतः लक्ष घातले. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे स्वरूप आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी शाळा काढल्या, देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक काढले. त्याचे नाव 'बालबोध मुक्तावली', भाषांतर सखण्णा पंडितांचे. त्या वेळी पुण्यात पेशवाई होती आणि मुंबईतली शालेय पुस्तकांची छपाई अजून सुरू व्हायची होती. कावेरीच्या काठी, तमिळ मुलुखात, मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक छापले जात होते, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

पण अभिमानावर थांबून चालणार नाही. सर्फोजी महाराज १८३२ मध्ये वारले, आणि १८५५ मध्ये त्यांच्या मुलाच्या निधनानंतर कंपनी सरकारने राज्य खालसा केले. सरस्वती महाल टिकला. १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला आणि आजही तिथे मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. मात्र तंजावरच्या मराठी घरांत काय झाले? अनेक कुटुंबांत तंजावरी वळणाची मराठी बोलणे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, पण लिहिण्या-वाचण्याचा व्यवहार तमिळमध्ये गेला. एका बाजूला हजारो पोथ्यांचा संग्रह आणि दुसऱ्या बाजूला मराठी बोलणारे पण न वाचणारे मूल, हे दोन्ही एकाच गावात नांदले. राजाच्या हौसेने पुस्तक निघाले, पण ते मुलाच्या हाती पडेल, परत येईल आणि त्याच्या जागी दुसरे मिळेल, अशी रोजची व्यवस्था त्याच्याभोवती तयार झाली नाही. संग्रह आणि सेवा यांतला हा फरक लक्षात ठेवावा.

आता महाराष्ट्राकडे वळू. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. आपल्या विदर्भात अकोल्याचे वाचनालय १८६० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. या संस्थांनी मराठी समाज घडवला, यात शंका नाही. पण त्या मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काढलेल्या होत्या. सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक, सावकार यांची वर्गणी, टेबलावर वर्तमानपत्रे, कपाटात कुलपाआड ग्रंथ. वर्गणी आणि अनामत भरणारा तो सभासद, अशी रचना असल्याने मुलाला स्वतःच्या नावाने तिथे जागा नव्हती. वडिलांच्या नावावर वडिलांनी निवडलेले पुस्तक घरी आले, तर मुलाने वाचायचे. मुलांची मासिके निघू लागली होती. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये सुरू झाले. पण मासिकालाही वर्गणी लागे, आणि ती भरणारे घर हवे.

मुलाला स्वतंत्र वाचक मानण्याची कल्पना जगातही तेव्हा नवीच होती. अमेरिकेत बऱ्याच ग्रंथालयांत ठरावीक वयाखालच्या मुलांना प्रवेशच नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथे मुलांसाठी वेगळ्या खोल्या निघू लागल्या. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १८९६ मध्ये ॲन कॅरोल मूर या बाईंनी अशी खोली चालवायला घेतली आणि १९०६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. मुलाच्या उंचीची खुर्ची, हाताला पोचेल असे कपाट, गोष्ट सांगण्याचा तास, आणि पुस्तक घरी नेण्याचा मुलाचा स्वतःचा हक्क. आज या गोष्टी साध्या वाटतात, पण त्यांच्यासाठी कुणाला तरी भांडावे लागले होते.

ही कल्पना मराठी माणसाच्या हातून भारतात कशी रुजली, ते आता पाहू. कवळाणे हे नाशिक जिल्ह्यातले छोटे गाव. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तोवर त्याचे शिक्षण झालेले नव्हते. वयाच्या ज्या टप्प्यावर मूल गोष्टींची पुस्तके वाचून संपवते, त्या टप्प्यावर या मुलाने धुळाक्षरांना सुरुवात केली. पुढे राजा झाल्यावर त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. तेव्हा एक अडचण पुढे आली. शाळा संपवून मूल शेतात किंवा दुकानात गेले, की वाचायला काही न मिळाल्याने शिकलेली अक्षरे विसरून जाई, आणि शाळेवर केलेला खर्च वाया जाई. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि या दुखण्यावरचा उपाय त्यांना तिथे सापडला.

कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट' नावाची संस्था होती. १८२६ मध्ये शिकाऊ कामगारांनी स्वतःच्या वाचनासाठी ती काढली होती. तिचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना महाराजांनी १९१० मध्ये बडोद्याला आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांनी राजवाड्यातले स्वतःचे सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. शहरातल्या आणि खेड्यांतल्या वाचनालयांसाठी खर्चाची सोपी वाटणी ठरली : एक हिस्सा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने आपला हिस्सा उचलल्याशिवाय बाकीचे दोन मिळत नसत. त्यामुळे वाचनालय हे सरकारने टाकलेले दान न राहता गावाची वस्तू झाली. बॉर्डन यांनी स्थानिक तरुणांना ग्रंथपालनाचे शिक्षण दिले आणि ते परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने हे काम पुढे नेले. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे ग्रंथालयविषयक नियतकालिकही बडोद्यातून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होते.

या व्यवस्थेत मुलांच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे खोली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते, आणि तिथे पुस्तकांबरोबर चित्रे आणि खेळही ठेवलेले असत. मूल खेळायला येते, चित्र पाहते आणि हळूच पुस्तकाकडे वळते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

दुसरी म्हणजे पेटी. फिरत्या ग्रंथालयांच्या विभागातून मजबूत लाकडी पेट्या खेड्यांकडे रवाना होत. एका पेटीत वीस-तीस पुस्तके, काही महिन्यांची मुदत, आणि रेल्वेने नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. ज्या गावात वाचनालय उघडणे परवडत नव्हते, तिथे शाळामास्तर किंवा एखादा जबाबदार माणूस पेटी उतरवून घेई, पुस्तके वाटे, परत गोळा करी आणि पुढची पेटी मागवी. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी वेगळी शाखा होती.

तिसरी म्हणजे पुस्तक. खोली झाली, पेटी झाली, पण त्यात मुलांसाठी घालायचे काय, हा प्रश्न उरलाच. देशी भाषांत मुलांच्या जोगी पुस्तके थोडी होती. म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून 'श्री सयाजी साहित्यमाला' व 'श्री सयाजी बालज्ञानमाला' या माला निघाल्या. बालज्ञानमालेत मुलांना समजतील अशी छोटी पुस्तके गुजराती आणि मराठीत निघाली. बडोद्यात मराठी घरे अल्पसंख्य होती, तरी त्यांच्या मुलांना 'तुमच्यासाठी मराठीत काही नाही' असे सांगण्यात आले नाही.

तंजावर आणि बडोदे शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे मराठी राजा, दोन्हीकडे परभाषिक मुलूख, दोन्हीकडे ज्ञानाची खरी आवड. पण बडोद्यात पुस्तकाला चालण्याचा रस्ता मिळाला. त्या रस्त्यावर पैसे किती, पेटी केव्हा, जबाबदार कोण, हे ठरलेले होते. म्हणून ती गोष्ट एका माणसाच्या हौसेपुरती राहिली नाही.

हा फरक मला माझ्या घरच्या परंपरेतूनही समजतो. आम्ही जैन. आमच्याकडे चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान. औषध आणि शास्त्र यांना एकाच ओळीत बसवणाऱ्या परंपरेत डॉक्टरने वाचनालयाविषयी बोलणे फार वावगे ठरू नये. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, मंदिरातले ग्रंथ बाहेर काढून, झाडून-पुसून पुन्हा वेष्टनात बांधण्याची चाल आहे. या जपणुकीमुळे वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यासारख्या ठिकाणी शेकडो वर्षांच्या पोथ्या शाबूत राहिल्या. पण नुसत्या जपण्याची मर्यादाही याच परंपरेने पाहिली आहे. कर्नाटकात मूडबिद्रीला 'धवला' या महान टीकाग्रंथाची ताडपत्रे शतकानुशतके होती आणि लोक त्यांचे दर्शन घेऊन परतत. तो ग्रंथ छापून अभ्यासकांच्या हाती देण्याचे मोठे काम आपल्या विदर्भात, अमरावतीत, डॉ. हिरालाल जैन यांनी हाती घेतले. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला. दर्शनाचा ग्रंथ त्या दिवशी वाचनाचा ग्रंथ झाला. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात असे आहे. आपल्या गावोगावच्या कपाटांना मी हाच प्रश्न विचारतो : आतली पुस्तके दर्शनाची आहेत की वापराची?

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच राज्यात होतो, आणि नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर सौसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात आला. सोयरिकी, बाजार, दवाखाने, संत्र्याच्या गाड्या यांचा रस्ता अजूनही बराचसा नागपूरकडेच जातो. वाचनालयांचा रस्ता मात्र त्या दिवशी वेगळा झाला.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता आणि देशातला तो पहिला मानला जातो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांना १९६७ च्या कायद्यामुळे मान्यता, वर्गवारी आणि अनुदान मिळू लागले, आणि ती तपासताना बालविभागाचाही विचार होऊ लागला. सावनेर, काटोल, नरखेडच्या वाचनालयांना हा कायदा लागू आहे. सीमा ओलांडून सौसरच्या बाजूला आलो, की तो संपतो. पलीकडच्या मुलाला पुस्तक मिळावे म्हणून कागदावर तरी एक यंत्रणा आहे. अलीकडच्या मराठी मुलाचा विचार त्या कायद्यात असण्याचे कारणच नव्हते. यात कुणावर राग धरण्यासारखे काही नाही. पण त्या यंत्रणेची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही.

इथे आपल्या बाजूची एक मोठी जमेची गोष्ट सांगितली पाहिजे. बडोद्याच्या मराठी मुलाला शाळेत गुजराती लिपी, तंजावरच्या मुलाला तमिळ लिपी. मराठी वाचायची तर त्याला दुसरी लिपी वेगळी शिकावी लागे. आपल्या मुलाची शाळा हिंदी माध्यमाची असली, तरी लिपी देवनागरीच. 'ळ' सोडला, 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार सोडले, तर त्याला नवे अक्षर शिकण्याची गरजच नाही. इंग्रजी शाळेत जाणारे मूलही बहुधा हिंदी विषय घेतेच. म्हणजे अक्षर शाळेने दिले, भाषा आजीने दिली. उरले फक्त पुस्तक. इतके थोडे अंतर चालायचे राहिलेले असताना मराठी वाचणारी पिढी आपल्या घरात संपली, तर त्याला परिस्थितीचे नाव देता येणार नाही.

काही पालक विचारतात, मराठी वाचून उपयोग काय? हिंदी आणि इंग्रजी पुरे. हिंदीशी आपले भांडण नाही. ती आपल्या मुलांची शाळेची, दोस्तांची भाषा आहे. पण मूल जी भाषा फक्त बोलते आणि वाचत नाही, त्या भाषेतले त्याचे शब्द स्वयंपाकघर, शेत आणि नातीगोती एवढ्यापुरते राहतात. विचार करायला, वाद घालायला, दुःख सांगायला ते दुसऱ्या भाषेत जाते. मग आजोबांशी बोलणे 'जेवलास का' आणि 'शाळेत गेला होतास का' इथवर येऊन थांबते. दवाखान्यात आजोबा आणि नातू शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्यातले हे अंतर समोर दिसते. ते मिटवायला माझ्याजवळ पुडी नाही.

मोठ्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा चित्रांच्या पुस्तकातून बाहेर पडतो, पण मोठ्यांच्या कादंबरीपर्यंत अजून पोचलेला नसतो. या वयात वाचनालये त्याला हरवून बसतात. पुढे तो येतो तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी, स्वतःची गाइडे घेऊन, बसायला शांत जागा हवी म्हणून. सीमेच्या दोन्ही बाजूंना अनेक वाचनालयांच्या अभ्यासिका भरलेल्या आणि कपाटे बंद, असे दृश्य आहे. अभ्यासिका हवीच, गरिबाच्या घरी दिवा आणि खुर्ची मिळणे अवघड असते. पण शेजारच्या टेबलावर विज्ञानाची, प्रवासाची, चरित्रांची, शेतीची आणि आरोग्याची चार पुस्तके उघडी ठेवली, तर खुर्चीवर बसलेला तरुण वाचकही होऊ शकतो. न्यू हेवनच्या शिकाऊ कामगारांनी १८२६ मध्ये जे स्वतःसाठी केले, ते इथल्या तरुणांना जमणार नाही असे नाही. लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे दिले, तर दोन्ही वयांचे भले होईल.

आता करायचे काय? इमारतीपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. इमारतीच्या वर्गणीत अनेक चांगले संकल्प अडकून पडतात. सुरुवात बडोद्याच्या पेटीपासून करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाकडच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. या पेट्या महाराष्ट्राबाहेर, अगदी परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही पोचल्या. शंभर वर्षांनंतर पेटीची कल्पना पुन्हा चालू लागली, याचा अर्थ ती मुळात भक्कम होती.

आपल्याकडे मुलांची पेटी पंचवीस पुस्तकांची पुरे. निम्मी पातळ, चित्रांची, एका बैठकीत संपणारी. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत एकच पुस्तक, तीच चित्रे घेऊन, हिंदीतही मिळते आणि मराठीतही. अशा दोन्ही प्रती पेटीत शेजारी ठेवाव्यात. हिंदीत वाचलेली गोष्ट मूल मराठीत सहज ओळखते आणि अडलेला शब्द चित्रावरून काढते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात, त्यातल्या निवडक गोष्टी छापून, शिवून घ्याव्यात. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करते, आणि मुलांच्या कोपऱ्यासाठीही त्याची योजना आहे. राज्याची सीमा त्या मदतीच्या आड येत नाही.

पेटी आठवडी बाजाराच्या दिवशी उघडावी, म्हणजे आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आईबापांबरोबर आलेल्या मुलांनाही पुस्तक नेता येईल. वहीत नाव मुलाचे लिहावे, बापाचे नव्हे. अनामत घेऊ नये, दंड लावू नये. पुस्तक फाटले तर खळ लावून चिकटवायला मुलालाच बसवावे. हाताने दुरुस्त केलेले पुस्तक मूल पुन्हा फाडत नाही. कोणते पुस्तक न्यायचे ते मुलाने ठरवावे. आपल्याला हलके वाटणारे पुस्तक त्याने चारदा नेले, तरी नेऊ द्यावे. आणि पेटीची जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहून ठेवावी, त्याच्यानंतर कोण, हेही तिथेच लिहावे. सर्फोजी महाराजांच्या आणि सयाजीरावांच्या उदाहरणांत खरा फरक या शेवटच्या ओळीचा आहे.

रामाकोना हे रेल्वेचे गाव. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये थांबली, पुढे त्याच मार्गावर ब्रॉडगेज आली. बडोद्याच्या पेट्या ज्या साधनाने खेड्यांत पोचल्या, ते साधन आपल्या दारात आहे. नागपूर दूर नाही, पुस्तके मिळतात, लिपी मुलांना येते, भाषा घरात बोलली जाते. हे व्याख्यान छापून आपल्या हाती येईल तेव्हा शाळांना सुट्टी असो वा नसो, आपल्या घरातल्या मुलांच्या कपाटात त्यांच्या वयाची मराठी पुस्तके किती आहेत, ती एकदा मोजून पाहावीत. आकडा लहान निघाला, तर शेजारच्या चार घरांची पुस्तके एकत्र करावीत. पहिली पेटी तिथेच भरेल.